माफीचा पुडा

आमच्या गावात माफी मागायला जाताना मिठाईचा पुडा न्यावा लागतो, आणि तो हातात घेणाऱ्याचं मनगट खाली गेलं पाहिजे. हलका पुडा नेला तर माफीसुद्धा हलकी समजतात. म्हणून लाल चवळीच्या घट्ट गोड वड्या नेतात, विटेसारख्या जड. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. मी इथलीच, याच गल्ल्यांत म्हातारी झाले. जन्म गेला शाळेच्या स्वयंपाकघरात, मोठमोठ्या कढयांवर ओरडण्यात, त्यामुळे आवाज असा झालाय की कुजबुजले तरी पलीकडच्या घरात कळतं. आणि गाव कसलं, तर दारावर टकटक करायच्या आधीसुद्धा माफी मागणाऱ्यांचं!

तर त्या वड्यांनी एका पोरीचं तोंड बंद केलं. दगड मारून केलं असतं तर निदान पोलीस तरी आले असते.

सोया सॉसचा जुना कारखाना पाडला, त्याची मोकळी जागा नगरपालिकेनं पोरांसाठी म्हणून आमच्या मंडळाला वापरायला दिली होती. चिखल-मैदान म्हणायचो आम्ही त्याला. तिथं घसरगुंडी नाही, झोपाळा नाही. फावडी, करवती, फळकुटं, दोर, पाण्याचा एक नळ, आणि मधोमध कापलेल्या पिंपात पेटवलेला जाळ. पोरांनी खणावं, ठोकावं, भिजावं, भाजून खावं. फाटकावर पोरांनीच रंगवलेली पाटी होती, 'इथं हवं ते करा. लागलं तर फुंकर आम्ही घालू.' फुंकर घालायला मी होते, म्हणजे मी आणि माझं मिसोच्या, आंबवलेल्या सोयाबीनच्या, साराचं पातेलं. शाळेतून सुटले तरी पोरांना वाढायची खोड काही सुटली नव्हती.

पोरांबरोबर दिवसभर असायला एक पगारी दादा होता. उंच, काटकुळा, रंगानं मातकट, म्हणून पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं गोबो. आम्ही त्या नावाच्या लांबलचक मुळाची भाजी करतो. त्याचं खरं नाव त्याला स्वतःलाही पगाराच्या दिवशीच आठवत असेल. पोरगा सोन्यासारखा, पण ज्याच्यात्याच्यापुढं वाकायची इतकी सवय की पाठीला कणा आहे का नाही अशी शंका यावी.

चितोसे तिथं आली ती सहावीत असताना. आली म्हणजे आईनं आणून सोडली. शाळेत ती जात नव्हती. तिचा आवाज जन्मापासून चिरका, वर वर जाणारा. वर्गात एकीनं त्याची नक्कल केली, मग दुसरीनं, मग धडा वाचायला ती उभी राहिली की अख्खा वर्ग. बाई म्हणाल्या, दुर्लक्ष कर. पोरीनं दुर्लक्ष केलं नाही, बोलणंच सोडलं. आधी शाळेत, मग रस्त्यात, मग घरात आईशीसुद्धा मान हलवून हो-नाही.

मैदानात येऊन ती जाळाशेजारी बसायची. कुणी हटकायचं नाही, कुणी 'काय गं, नाव काय तुझं' करत मागं लागायचं नाही. मी रताळं द्यायची, ती राखेत पुरायची, काढायची, निम्मं खाऊन निम्मं मला द्यायची. असे बरेच दिवस गेले. मग एकदा पोरांनी फळ्यांची खोपटी बांधली आणि गोबोला सांगितलं, वर चढून दाखव. तो चढला. छत कोसळलं आणि हा बाबा कंबरेपर्यंत चिखलाच्या खड्ड्यात. उठला, चष्म्यावरचा चिखल पुसला, आणि सवयीनं खड्ड्याकडे बघून वाकला. "माफ करा," म्हणाला.

आणि चितोसे हसली. आधी बारीक, मग किटलीच्या शिट्टीसारखं एकदम वर. करवती थांबल्या. पोरं वळून बघायला लागली. ती पोट धरून म्हणाली, "गोबोदादा, खड्ड्याची माफी मागितलीस! खड्ड्याची!"

नक्कल कुणी केली नाही. एक बारकं कार्टं म्हणालं, "परत हस ना, भारी आहे," आणि ती परत हसली. मला रडू आलं. धुरानं आलं असं सांगितलं मी सगळ्यांना, पण वारा दुसरीकडे होता.

त्यानंतर बया जी सुटली! जाळ तिचा झाला. कुठली फळी कधी घालायची, पिंपाच्या जवळ कुणी यायचं, सगळं तीच ठरवणार. मला दटावायची, "आजी, ओलं लाकूड घालू नका म्हटलं ना! डोळे जातील सगळ्यांचे." मी म्हणायची, "हो गं माझे सासूबाई." आणि ती हसायची. दिवसातून कितीदा हसायची कुणी मोजलंय.

तिची आई, कुझुमीबाई, बाजारात मासे कापायची. नवरा नाही, दोघीच घरात. काम सुटलं की रबरी बूट घालून तशीच यायची आणि कुंपणाच्या बाहेर उभी राहायची.

"आत या की," मी म्हटलं.

"नको हो, इवासेबाई. मला बघितलं की थांबेल ती." मग कान देऊन ऐकत राहायची. एकदा म्हणाली, "वसंतात सातवीला नवीन शाळा. सगळी पोरं नवीन. तिथं पहिल्या दिवशी उभं राहून नाव सांगावं लागतं. इथं जीभ सुटली तर तिथंही सुटेल, एवढी एकच आशा आहे मला. नाहीतर मग ती घरातच म्हातारी होईल माझ्याबरोबर."

"सुटेल. सुटलीच आहे," मी म्हटलं.

पानगळीच्या दिवसांत नगरपालिकेचा एक चष्मेवाला आला. फाटकात वाकला, जाळापाशी येऊन पुन्हा वाकला.

"एक फोन आला होता. आवाजाबद्दल."

"कुणाचा?" मी विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"बरं, कसला आवाज? हातोड्याचा, पोरांचा, माझा?"

"तेही नेमकं सांगता येत नाही."

"मग आलात कशाला?"

"कळवायला," तो म्हणाला, आणि जाताना वाकून गेला.

याच गावात निवडणुकीच्या गाड्या कर्णे लावून सकाळपासून फिरतात, तेव्हा एकाच्या कानाला काही होत नाही. पोरं हसली की होतं! फोन कुणी केला ते मला आजतागायत कळलेलं नाही.

सभा जाळाभोवतीच भरली. अध्यक्ष तोगाशी, पूर्वीचे पोस्टमास्तर. गल्लीच्या मंडळाचेही तेच अध्यक्ष आणि मैदानाचेही तेच, म्हणजे तक्रार ऐकणारेही तेच आणि माफी मागणारेही तेच. गळा साफ करून म्हणाले, "एकाला त्रास झाला आहे. तो कोण, आपल्याला माहीत नाही. त्यामुळं आसपासच्या सगळ्याच घरांची माफी मागणं योग्य. म्हणजे त्या एकाला अवघडल्यासारखं होणार नाही."

"अहो तोगाशीसाहेब," मी म्हटलं, "त्या एकाला अवघडू नये म्हणून बाकीच्यांना कशाला दारात जाऊन सांगायचं, की तुम्हाला त्रास होतोय? ज्यांना होत नव्हता त्यांनाही होईल. हे खाजवून खरूज काढणं झालं!"

"इवासेबाई, जरा हळू."

"मी हळूच बोलतेय."

"पुडे चांगल्या दुकानातले घेऊ," तोगाशी पुढं म्हणाले. "वजनदार. आणि एखादं मूल बरोबर असलं तर बरं दिसेल."

कुणीच काही बोललं नाही. आमच्यात गप्प बसणं म्हणजे ठराव मंजूर. मी गोबोकडे बघितलं, की हा तरी काही बोलेल. तो लाकडं सारखी करत होता.

तेवढ्यात चितोसे म्हणाली, "मी येते." आणि मग, "माफी नाही मागितली तर जाळ बंद करतील ना?"

"बंद असं नाही," तोगाशी म्हणाले, "पण मागितलेली बरी."

आईला कोण आनंद झाला! अनोळखी माणसाच्या दारात जाऊन पोरगी बोलणार! तिनं पोरीचा पांढरा शर्ट इस्त्री केला, वाक्य बसवून घेतलं, 'आमच्या आवाजाचा आपल्याला त्रास होतो. मनापासून माफ करा.' जाळाशेजारी तालीम चालायची. गोबो घरमालक व्हायचा, म्हाताऱ्यासारखा खोकत दार उघडायचा, ती वाकून वाक्य म्हणायची आणि शेवटाला पोचायच्या आधीच हसत सुटायची. "अगं, माफी मागताना हसत नाहीत," मी म्हणायची. तरी मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, दारोदार जाऊन जीभ आणखी धीट होईल.

निघालो आम्ही रविवारी. पुढं तोगाशी, मागं गोबो दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, मग चितोसे आणि शेवटी मी.

पहिल्या दारात बाई हसतमुख. चितोसेनं वाक्य म्हटलं, एकदाही न अडखळता. बाई म्हणाली, "छे छे, कसला त्रास! पोरांचा आवाज म्हणजे गल्लीची शोभा." झालं होतं काम तिथंच. पण तोगाशींनी पुडा पुढं केला. बाईनं दोन्ही हातांनी घेतला आणि मनगटं खाली गेली. तिनं पुड्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि चेहरा कसानुसा झाला.

"म्हणजे... त्रास असा नाही. पण आता विषय निघालाच आहे तर, कपडे वाळत घातले की कधीकधी धुराचा वास..."

"अरेरे! लक्षात आणून दिलंत, उपकार झाले," म्हणत तोगाशी कंबरेत वाकले. मागोमाग आम्ही.

पुढच्या दारात तेच. आधी छे छे, मग पुडा, मग रस्त्यावर येणारा चिखल. त्याच्या पुढच्या दारात हातोडी. मला हळूहळू उमगायला लागलं. आमच्यात कुणाचं काही घेतलं की परत काहीतरी द्यावंच लागतं. लग्न असो, मयत असो, आजारपण असो, घेतलेल्याची फेड केल्याशिवाय घास उतरत नाही. आता दारात उभ्या माणसांनी एवढी जड माफी हातात ठेवली, तर त्यांना 'काही त्रास नाही' म्हणून रिकाम्या हाती कसं लावून द्यायचं? त्यांच्या माफीला काही कारण तर दिलं पाहिजे. बिचारी माणसं घरात शोधून शोधून तक्रार काढून आमच्या पदरात घालत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

"पुडे देऊ नका," मी गल्लीतच तोगाशींना म्हटलं. "नुसतं वाकून पुढं जाऊ."

"पहिल्या घरांना दिले आणि बाकीच्यांना नाही, हे कसं दिसेल?"

कसं दिसेल! या दोन शब्दांपायी आमचा देश कधी बुडाला तर मला नवल वाटणार नाही.

शेवटचं घर मिनोबे आजोबांचं. मैदानाला लागूनच, मध्ये फक्त कुंपण. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. बायको कित्येक दिवस वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली. स्वभावानं गरीब माणूस, मुंगीला वाट देणारा. चितोसेनं वाक्य म्हटलं, आतापर्यंतचं सगळ्यांत छान. आजोबांनी कौतुकानं मान हलवली. "त्रास कसला, बाळ. मुलं आहेत, खेळणारच."

पुडा हातात आला. आजोबा घुटमळले. धूर नाही म्हणाले, चिखल नाही म्हणाले, हातोड्याची तर त्यांना आवडच. तरी शोधत राहिले. मी मनात म्हणत होते, नका शोधू, आजोबा, घ्या ती मिठाई आणि दार लावा. तेवढ्यात त्यांना सापडलं.

"हां, एक आहे. एक मुलगी आहे कुणीतरी. तिचं हसणं फार वरच्या पट्टीतलं. अगदी वरच्या खोलीपर्यंत येतं. जरासं, म्हणजे अगदी जरासं, टोचतं म्हणा ना."

कोण कुणाकडे बघणार? गोबोनं मान खाली घातली. तोगाशींनी 'अरेरे' म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. आणि चितोसे एक पाऊल पुढं आली, हात मांड्यांना लावून पहिल्यापेक्षा खाली वाकली.

"ती मी आहे," म्हणाली. "मनापासून माफ करा."

हे कुणी बसवून घेतलेलं वाक्य नव्हतं.

आजोबा पांढरे पडले, "नाही नाही, तसं नव्हतं" करायला लागले, पण तोपर्यंत तोगाशी वाकले होते आणि आम्हा सगळ्यांना वाकावं लागलं. मीही वाकले. वाकल्यावर जमिनीकडेच बघावं लागतं, तिचं तोंड मला दिसलं नाही.

रस्त्यात मी बोललेच. "तिला आणलंत कशाला? आपण मोठी माणसं मेलो होतो का?"

"किती नम्रपणे सांगितलं तिनं," तोगाशी म्हणाले. "मन भरून आलं."

त्यांचं खरंच आलं होतं. डोळे पुसत होते. अशा माणसावर राग तरी कुठून काढायचा!

त्यानंतर फाटकावरच्या पाटीखाली दुसरी पाटी आली, 'धुणं वाळत असताना जाळ पेटवू नये.' धुणं कधी वाळत नसतं? मग हातोडीची वेळ ठरली, मग नळाला कुलूप, मग बूट धुतल्याशिवाय बाहेर पडू नये. गोबो सुंदर अक्षरात पाट्या लिहायचा. शेवटी पोरांची ती जुनी पाटी नव्या पाट्यांखाली दिसेनाशीच झाली. पिंप उलटं करून त्यावर फुलांची कुंडी ठेवली.

"तुला तोंड नाही का रे?" मी गोबोला विचारलं.

"आजी, जागा टिकली पाहिजे ना. जागा राहिली तर पुढं काहीतरी करता येईल."

"जागा राहिली रे बाबा. पोरं कुठायत?"

तो कुंडीला पाणी घालत राहिला. नवीन वर्षात नगरपालिकेनं आम्हाला मानपत्र दिलं, मुलांचं आरोग्य आणि शेजाऱ्यांचा सलोखा राखणारा आदर्श उपक्रम म्हणून. तोगाशींनी ते अवजारांच्या खोलीत टांगलं. अवजारं तशीही कुणी काढत नव्हतं.

चितोसे काही दिवस येत होती. हसू आलं की तोंडावर हात ठेवायची. मग मफलर आला, नाकापर्यंत. एकदा मला अगदी कानाशी येऊन विचारलं, "आजी, इथून त्या वरच्या खिडकीपर्यंत ऐकू जातं का?"

"जाऊ दे गेलं तर! हस तू खुशाल," मी म्हटलं, आणि माझाच आवाज एवढा मोठा निघाला की ती दचकून खिडकीकडे बघायला लागली. मग ती यायची थांबली. मी घरी गेले तर आई म्हणाली, खोलीत असते दिवसभर. काय झालं विचारलं तर मान हलवते. पुन्हा हो आणि नाही.

थंडी संपत आली होती. कचरा टाकायच्या दिवशी सकाळी नाक्यावर पिशव्यांवर जाळी ओढत होते, कावळे फाडतात म्हणून, तर मिनोबे आजोबा पिशवी घेऊन आले.

"हल्ली मैदान फार शांत झालंय हो, इवासेबाई."

"तुम्हालाच हवं होतं ना," मी म्हटलं. मला बोलायचंच नव्हतं त्यांच्याशी.

"मला? नाही हो. आमची ही तर थंडीतसुद्धा खिडकी उघडी ठेवायला लावते. ती मुलगी हसली की म्हणायची, आज रताळी चांगली भाजली वाटतं. तिला तेवढंच होतं दिवसभरात. हल्ली रोज विचारते, ती मुलगी गाव सोडून गेली का."

जाळी माझ्या हातातच राहिली.

"मग त्या दिवशी टोचतं म्हणून कशाला बोललात?"

आजोबा ओशाळले. "तुम्ही सगळे एवढे वाकून उभे. तोगाशीसाहेब जातीनं आलेले. एवढा भारी पुडा. काहीच सांगितलं नसतं तर तुमचं येणं फुकट गेलं असतं. म्हणून मनात पहिलं आलं ते सांगितलं. पहिलं तेच आलं, कारण रोज आम्ही तेच तर ऐकायचो."

कचऱ्याची पिशवी त्यांच्या पायावर आपटावी असं वाटलं मला. अहो, म्हटलं, तुमच्या त्या शिष्टाचारानं पोरीचा गळा आवळला! ती पोरगी पुन्हा खोलीत जाऊन बसलीय. नवीन शाळेचा पहिला दिवस तोंडावर आलाय. रस्त्यातली माणसं बघायला लागली, बघू देत. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी काय करू, सांगा."

"तिच्या घरी जा. एवढंच सांगा की तुझं हसणं आम्हाला हवंय, माझ्या बायकोला हवंय. आणि ऐका, रिकाम्या हाती जा. काहीही नेऊ नका. नुसतं बोला."

"रिकाम्या हाती," ते म्हणाले. "हो. हो."

ठरलेल्या दिवशी ते कोपऱ्यावर भेटले तेव्हा अंगात कोट, गळ्यात टाय, आणि हातात त्याच दुकानाची पिशवी.

"हे काय?"

"अहो, चूक माझी आणि मी हात हलवत कसा जाऊ? पाय उचलेना घरातून."

"ठेवून या परत."

"आता घेतलंय तर..." म्हणत ते चालू लागले, आणि मी मागून शिव्या घालत.

कुझुमीबाईंनी दार उघडलं. आधी टाय बघितला, मग पिशवी, आणि तोंडावरचं रक्तच उतरलं. आजोबांनी तोंड उघडायच्या आत ती खाली गुडघ्यांवर. "आमच्या मुलीनं काही केलं का? हल्ली तर ती घराबाहेरसुद्धा पडत नाही हो."

"नाही नाही, उलट मीच माफी मागायला..."

"तुम्ही कशाला! त्रास आमचा झाला, आणि तुम्हाला एवढं घेऊन यावं लागलं. मला तोंड दाखवायला जागा नाही राहिली."

पुडा पुढं गेला. तिनं घेतला. मनगटं खाली गेली. आजोबा वाकले, ती त्यांच्याहून खाली वाकली, ते आणखी वाकले. म्हातारा आता उठतोय की नाही असं झालं. माझ्याच्यानं राहवेना. मी दणकून म्हटलं, "अगं बाई, त्यांना तिचं हसणं ऐकायचंय! त्यांची बायको खिडकी उघडून वाट बघते! टोचतं-बिचतं सगळं खोटं होतं!"

तिनं वर बघितलं. क्षणभर मला वाटलं, पोचलं. मग ती कसंनुसं हसली. "इवासेबाई, माझं मन राखायला बोलताय, कळतं मला. फार चांगल्या आहात तुम्ही." आणि पुडा छातीशी धरला. माझे शब्द हलके आणि पुडा जड. तिनं पुड्यावर विश्वास ठेवला.

"चितोसे," तिनं हाक मारली. "बाहेर ये. आजोबा आलेत. माफी माग बघू."

पोरगी आली. वाळली होती. पडवीतल्या फरशीवर गुडघे टेकले, दोन्ही तळवे समोर ठेवले, कपाळ त्यांच्यापर्यंत नेलं.

"आमच्या आवाजाचा आपल्याला त्रास होतो. मनापासून माफ करा."

एका पट्टीत. खालच्या. ना चिरका, ना वर जाणारा. कुणाचाही असावा असा आवाज.

मी आजोबांना कोपरानं ढोसलं. बोला, हस म्हणा तिला, आता तरी बोला! त्यांचे ओठ हलले. दारात वाकलेली आई, जमिनीवर वाकलेली पोर, आणि हे बिचारे शब्द शोधतायत. शेवटी म्हणाले, "किती छान वळण लावलंय हो तुम्ही मुलीला."

आईला रडू फुटलं. आनंदानं. कितीतरी महिन्यांनी पोरगी सबंध वाक्य बोलली होती ना. दुसऱ्या दिवशी फेड म्हणून तिनं त्याहून मोठा पुडा मिनोब्यांकडे पाठवला, चितोसेच्याच हाती. त्या घरात वरची खिडकी अजून उघडी असते. आजीबाईंना काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

वसंतात चितोसे नवीन शाळेत गेली. पहिल्या दिवशी उभी राहिली, नाव सांगितलं, बसली. तोगाशी सगळ्यांना सांगत सुटले की आपल्या मैदानानं पोरगी घडवली. परवा बाजारात कुझुमीबाई भेटली. मासे सोडून, हात पुसत बाहेर आली. चेहरा खुललेला.

"काल वर्गाच्या बाईंना भेटले. म्हणाल्या, फार गुणी मुलगी आहे. तिचा काहीएक त्रास नाही. वर्गात आहे हेसुद्धा कळत नाही."

"हसते का?" मी विचारलं.

"अगदी शहाण्यासारखी वागते हो," ती म्हणाली. "सगळं तुमच्यामुळं झालं. माझी जन्मभराची काळजी मिटली." आणि वाकून, आतून पुडा आणून दोन्ही हातांनी माझ्यापुढं केला. नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. मी घेतला. माझं मनगट खाली गेलं.